हॉस्पिटलातली नोकरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. गावात शंभर खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे. वैद्यकीय शिक्षण नसताना तिथे काय काम मिळेल? आधी हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स करावा का?

उत्तर : कोर्सला आत्ताच पैसे घालू नका. बिलिंग, रिसेप्शन, मेडिकल रेकॉर्ड, स्टोअर या जागांवर साधे पदवीधर घेतात. आमचं मत विचाराल तर टीपीए डेस्क मागा, म्हणजे कॅशलेस विम्याचं काम. ते हाताखालून गेलेला माणूस दुसऱ्या हॉस्पिटलात लगेच घेतला जातो.

काम असं : रुग्ण दाखल झाला की पॉलिसी, आधार, डॉक्टरांचे कागद आणि रिपोर्ट गोळा करायचे, प्री-ऑथ फॉर्म, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी मागण्याचा अर्ज, डॉक्टरांकडून भरून घ्यायचा आणि अंदाजे खर्चासह विम्याच्या पोर्टलवर चढवायचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. प्रत्यक्षात कागद अपुरा असला की क्वेरी, म्हणजे विमा कंपनीची शंका, येते आणि नातेवाईक तुमच्या टेबलाशी उभे राहतात.

क्वेरी बहुधा ठरावीक जागी निघते. फॉर्मवर ‘मधुमेह नाही’ आणि डिस्चार्ज समरीत ‘दोन वर्षांपासून मधुमेह’, हे नेहमीचं. स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर खोक्यावरचा इम्प्लांट स्टिकर ऑपरेशन थिएटरमधूनच (ओटी) फाइलला लागला पाहिजे. नंतर तो शोधत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त भांडणं खोलीभाड्यावरून. पॉलिसीत रोजची मर्यादा 3,000 रुपये आणि रुग्ण 5,000 च्या खोलीत, तर फरक फक्त 2,000 चा नसतो. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ओटीचा खर्च हेही त्याच प्रमाणात, म्हणजे 60 टक्केच मंजूर होतात. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. हे दाखल करतानाच सांगून सही घ्यावी. मुलाखतीत एवढं नीट सांगता आलं तरी छाप पडते.

अर्ज घेऊन स्वतः जा. सोमवारी ओपीडीची गर्दी असते, तो दिवस टाळा. एक्सेल यायला हवं. पगार ठरताना हातात किती येणार आणि नेमणूक हॉस्पिटलची की कंत्राटदाराची, हे विचाराच. महिना 21,000 पर्यंतच्या पगाराला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर तुमच्याकडून 0.75 टक्के कापले जातात.

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले. हॉस्पिटल मूळ प्रमाणपत्रं जमा करायला आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही करायला सांगतंय. काय करू?

उत्तर : मूळ कागद पडताळणीला दाखवा आणि परत घ्या; फाइलला सही केलेल्या झेरॉक्सच द्या. ‘सगळ्याच मुली देतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. बाँडमध्ये रक्कम आणि नोटिशीचा काळ वाचल्याशिवाय सही नको. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र आधी पूर्ण करा, तिच्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून नेमणूक होत नाही. आणि हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा : तीन डोस, पहिला, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा, तपासा. तो 10 च्या वर हवा.