समीर : नाव एक, घराणी दोन

प्रश्न : मुलाचे नाव 'समीर' ठेवायचे ठरते आहे. काका म्हणतात नाव अरबी, सासूबाई म्हणतात संस्कृत. एका नावांच्या यादीत तर 'वारा, सोबती' असे दोन्ही अर्थ संस्कृत म्हणूनच दिलेत. खरे काय? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : काकाही बरोबर, सासूबाईही. चुकली ती यादी.

संस्कृतातला समीर म्हणजे वारा. 'सम्' उपसर्ग, पुढे 'ईर्' धातू : हलणे, चालना देणे. प्रेरणा, उदीरण ही याच धातूची मंडळी. अमरकोशात वायूच्या नावांमध्ये समीर आणि समीरण दोन्ही आहेत.

अरबीत मूळ स-म-र या तीन व्यंजनांचे. 'समर' म्हणजे रात्रीच्या गप्पा (आपले युद्धवाले समर नव्हे), आणि त्यात साथ देणारा तो समीर. घडण करीम, रहीम यांच्यासारखीच. उन्हाळ्यात गंगेवर (म्हणजे आपल्या गोदाकाठी) उशिरापर्यंत बैठक जमते, तिथला हवाहवासा गडी म्हणा ना! दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही; उच्चार तेवढा जुळला.

नुसत्या उच्चारावरून नाते ठरवू नये ते यामुळेच. आधी धातू शोधावा, मग त्याच भाषेत त्याची भावंडे सापडतात का ते पाहावे. 'तारा' आणि फारसी 'सितारा' यांचे मूळ खरोखर एक आहे. 'मिहिर' मात्र इराणी भाषांतून संस्कृतात आलेला, फारसी 'मेहर'चा सख्खा.

लिहिताना 'मी' दीर्घच, कारण धातूच 'ईर्'. गरीब–गरिबाला या धर्तीवर काही जण 'समिरला' लिहितात, ते चूक. विशेषनाम तसेच राहते : समीरला, समीरचा.

इंग्रजी स्पेलिंग आजच ठरवा : डबल ई की आय. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे झाले, की पासपोर्टच्या वेळी दुरुस्तीचे हेलपाटे. बाळाचे नाव जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क पडते. महापालिकेच्या अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने स्वतः भरा. दाखला हाती पडताच खिडकीपाशीच अक्षर न् अक्षर ताडून घ्या.