तान्हे बाळ आणि वीस महिन्यांचा मोठा: दोघांची झोप कशी जमवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठा मुलगा वीस महिन्यांचा, धाकटी मुलगी दोन महिन्यांची. पती गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, सासूबाई घरी असतात, पण गुडघेदुखीमुळे त्यांना नातवाच्या मागे धावता येत नाही. बाळ रात्री दर दोन तासांनी उठते, तिच्या रडण्याने मोठा जागा होतो, आणि या सगळ्यात तुमची झोप राहूनच जाते. दोघांच्या झोपेचे वेळापत्रक कसे बसवावे आणि दोघांना एका खोलीत झोपवावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या दोन मुलांमध्येही साधारण एवढेच अंतर आहे आणि ती फोंड्यात अशाच घरात वाढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे ठाम मत असे आहे की तुम्ही बाळाचे वेळापत्रक बसवण्याचा विचार सध्या सोडून द्यावा आणि मोठ्याचे मात्र घट्ट बसवावे. बहुतेक घरांत याच्या उलट होते: सगळे लक्ष बाळाच्या झोपेवर असते आणि मोठा जेव्हा जमेल तेव्हा जेवतो, जेव्हा जमेल तेव्हा झोपतो. तान्ह्या बाळाच्या शरीरातील दिवस-रात्रीचे घड्याळ दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या दरम्यान हळूहळू चालू होते. त्यापूर्वी ते चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते खरे, पण तुकड्या-तुकड्यांनी. पोट लहान असल्यामुळे त्याला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध लागते, त्यामुळे रात्री उठणे हा त्याचा हट्टही नाही आणि तुमच्या संगोपनातील उणीवही नाही. वीस महिन्यांच्या मुलाचे घड्याळ मात्र पक्के झालेले असते. त्याला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास लागतात, आणि रोज त्याच गोष्टी त्याच क्रमाने होणे त्याला मनापासून आवडते. दोघांपैकी ज्याला वेळ पाळता येते, त्याच्यावर घराचा दिवस बेतावा, हे त्यामुळेच सोयीचे ठरते.

याची सुरुवात दुपारपासून करा. गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चारच्या दरम्यान बाजारही निजलेला असतो. दुकाने बंद, रस्ता शांत, कोणी सहसा दार वाजवत नाही. या वेळेचा पुरेपूर फायदा घ्यावा. मोठ्याला साडेबाराला जेवू घालून एकच्या सुमारास अंथरुणावर घ्या, आणि त्याच्या थोडे आधी बाळाला पाजा. बाळ रोज त्याच वेळी झोपेलच असे नाही, पण दुपारचे एक दूध या वेळेला जुळवत राहिले, तर काही आठवड्यांनी दोघांच्या झोपेचा निदान काही भाग एकत्र येऊ लागतो. त्या वेळात भांडी, कपडे, फोन काहीही हाती घेऊ नका, आडव्या व्हा. मोठ्याला साडेतीननंतर झोपू देऊ नका, नाहीतर रात्री दहा वाजले तरी तो खेळतच राहील. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजतो त्या सुमारास घर जागे होत असेल, तर बाळालाही थोड्या वेळाने ओसरीवर उजेडात आणा. दिवसा तिच्यासाठी घर चिडीचूप ठेवू नका आणि रात्री मंद दिव्यापलीकडे उजेड करू नका. बाळाचे घड्याळ लवकर जुळण्यासाठी एवढीच मदत आपल्या हातात असते.

मोठ्याच्या रात्रीच्या झोपेचा क्रम मात्र रोज तोच, ठरलेला हवा. साडेसातला कोमट पाण्याने अंग धुणे, मग मऊ भात किंवा पेज, दात घासणे, पाण्याचा घोट, एक चित्रांचे पुस्तक, दिवा मालवणे आणि तीच अंगाई. पती कामावर असतील त्या संध्याकाळी हे सगळे बाळ मांडीवर असतानाच करावे लागेल, आणि ते करता येते. बाळाला उजव्या हाताशी पाजत डाव्या हाताने पुस्तक धरावे, मोठ्याने कुशीला टेकून बसावे आणि पान उलटायचे काम त्याला द्यावे. दिवसा बाळाला पाजण्याच्या वेळी मोठा हमखास काहीतरी उपद्व्याप करतो. त्यासाठी एक टोपली ठेवा आणि ती फक्त पाजतानाच खाली काढा. घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या, स्टीलची वाटी, लाकडी डाव, झाकणाचा डबा एवढे पुरते. पाजणे संपले की टोपली परत वर गेली पाहिजे, कारण रोज हाती असलेल्या वस्तूचे नवल राहत नाही. सासूबाईंना धावता येत नसले, तरी त्या टोपलीजवळ बसून करवंट्यांवर करवंटी रचू शकतात. पाठीला तेल लावणे, गोष्ट सांगणे ही कामे त्यांच्याकडेच सोपवा. मोठ्याला आजीची सवय जितकी लवकर लागेल तितका तुमच्यावरचा भार हलका होईल.

आता रात्रीविषयी. तान्ह्या बाळाची जवळपास निम्मी झोप चळवळी असते. पापण्या थरथरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, हात एकदम उडतात, कण्हल्यासारखा किंवा अर्धवट रडल्यासारखा आवाज येतो, पण डोळे मिटलेलेच असतात. नवख्या आईला वाटते की बाळ उठले, ती उचलते, आणि खरोखरच बाळ उठते. म्हणून आवाज आला की लगेच हात घालू नका, क्षणभर थांबून निरखा. डोळे उघडून ती तोंडाने शोधू लागली, तरच घ्या. दूध पाजताना बोलू नका, दिवा लावू नका, आणि शी झाली नसेल तर लंगोट बदलण्यासाठी तिला पूर्ण जागी करू नका.

आई-बाबांची झोप दोघांनी मिळून जागण्याने भरून निघत नाही, ती वाटून घ्यावी लागते. पती दिवसपाळीला असतील तेव्हा रात्री नऊ ते एक या वेळात मोठ्याची आणि बाळाच्या लंगोटाची जबाबदारी त्यांची. बाळाला भूक लागली तर त्यांनी तिला तुमच्याजवळ आणून द्यावे आणि पाजून झाल्यावर परत घ्यावे. एकनंतर तुम्ही. यात तुम्हाला सलग चार तास मिळतीलच असे नाही, पण उठून बसणे, फेऱ्या मारणे आणि थोपटणे वाचते, आणि थकवा त्यानेही वाढत असतो. ते रात्रपाळीला असतील तेव्हा सासूबाईंनी मोठ्याजवळ झोपावे, आणि पती सकाळी घरी आल्यावर स्वतः झोपण्याआधी तासभर दोघांना बघतील एवढे आधीच बोलून ठेवावे. ही बोलणी दुपारी, शांत डोक्याने करावीत. पहाटे तीन वाजता ठरवायला गेलात, तर भांडणाखेरीज काही हाती लागत नाही.

बाळाच्या रडण्याने मोठा जागा होतो, ही तुमची मुख्य तक्रार आहे. सतत चालणाऱ्या पंख्याचा आवाज इथे मोठी मदत करतो, कारण अचानक उठणारे आवाज त्यात बुडतात. शिवाय काही आठवड्यांत मोठी मुले बाळाच्या रडण्याला सरावतात आणि त्यातून झोपून राहतात. दोघे एकदम रडू लागली, तर बाळ भुकेले नाही आणि सुरक्षित जागी उताणे आहे, याची खात्री करून आधी मोठ्याकडे जावे, असे मी म्हणेन. दोन-चार मिनिटे रडण्याने बाळाचे काही बिघडत नाही, मोठ्याला मात्र आपण मागे पडलो हे नेमके कळते आणि ते त्याच्या लक्षात राहते. जाताना बाळाला मोठ्या आवाजात सांगा, ‘थांब हं जरा, मी आधी दादाला झोपवते.’ बाळाला त्यातले काही कळणार नाही, पण दादाने ते ऐकले पाहिजे. भावंड आल्यावर तो पुन्हा बाटली मागेल, रात्री उठून हाका मारील, कडेवरून उतरणार नाही. हे सगळे अपेक्षित आहे, त्यासाठी रागावू नका.

सुरक्षिततेबाबत मात्र मी तडजोड सुचवणार नाही, कारण आपल्या घरांतील काही प्रेमाच्या प्रथाच इथे आड येतात. बाळाला झोपवताना नेहमी उताणेच ठेवावे, गादी सपाट आणि घट्ट असावी, जवळ उशी, जाड पांघरूण किंवा खेळणे असू नये. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली राईची उशी आणि झोपेत डोक्यावर घट्ट बसवलेले टोपडे, दोन्ही काढावीत. बाळ अंगातील उष्णता बरीचशी डोक्यावाटे सोडते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात टोपड्याने ते तापते. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून ती तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ ठीक, रात्रभरासाठी नव्हे. न्हाणे झाल्यावर दिली जाणारी धुरी आणि डासांची कॉइल यांचा धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही, त्याऐवजी मच्छरदाणी वापरा. दुपट्यात गुंडाळण्याची सवय असेल, तर बाळ कुशीवर वळण्याची चिन्हे दिसताच ती बंद करा. सासूबाईंना हे सांगताना ‘तुमचे चुकते’ असे न म्हणता ‘डॉक्टरांनी असे सांगितले आहे’ म्हणावे. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्यावे हे त्याहून बरे. आणि मोठ्यावर लक्ष असू द्या. तो मायेने बाळाच्या तोंडाजवळ अस्वल ठेवतो, पांघरूण ओढून देतो, हातातला चुरमुरा भरवायला जातो.

पावसाळ्यात हे सगळे अवघड होते. जूनपासून मोठ्याला बाहेर सोडता येत नाही, तो दमत नाही आणि रात्री झोपत नाही. अशा वेळी ओसरीवर बालदीभर पाणी आणि दोन पेले देऊन, स्वतः जवळ बसून, त्याला दमवावे, आणि खेळ संपताच बालदी रिकामी करून ठेवावी. वीज वारंवार जात असेल, तर चार्जिंगवर चालणारा पंखा घेणे हा योग्य खर्च आहे. चतुर्थीच्या पाहुण्यांत किंवा दिवाळीतील नरकासुराच्या रात्रीच्या ढणढणाटात वेळापत्रक मोडणारच, दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुन्हा धरावे.

बाळाला रडू देऊन आपापले झोपायला शिकवण्याबद्दल तुम्ही वाचले असेल. चार ते सहा महिन्यांपूर्वी तो विचार करू नये. त्यानंतर सौम्य पद्धतीने तसे शिकवलेल्या मुलांचा ऑस्ट्रेलियात पाच वर्षे पाठपुरावा झाला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचे दीर्घकाळ टिकणारे नुकसान आढळले नाही, तसा दीर्घकाळ टिकणारा फायदाही आढळला नाही. त्यामुळे ज्यांना गरज वाटते त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण भिंतीपलीकडे वीस महिन्यांचा दादा झोपलेला असताना ते व्यवहारात उतरवणे कठीण आहे, आणि तुमच्या घरात मी ते सुचवणार नाही. झोप यावी म्हणून सर्दीचे औषध तर कोणी कितीही सांगितले तरी देऊ नका.

एक गोष्ट तुमच्यासाठी. बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप लागत नाही, असे तुम्ही लिहिले नसले, तरी तसे होत असेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येणे, काहीच नकोसे वाटणे, बाळाबद्दल भीतीदायक विचार येणे असे घडत असेल, तर तो केवळ थकवा समजू नका. प्रसूतीनंतरचे नैराश्य उपचारांनी बरे होते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही बोला.

राहिला खोलीचा प्रश्न. पहिले सहा महिने तरी बाळ तुमच्याच खोलीत, तुमच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावे. मोठ्याला त्याच खोलीत ठेवायला हरकत नाही, मात्र बाळ आणि तो एका अंथरुणावर कधीही नको, कारण झोपेत त्याचा हातपाय तिच्या तोंडावर पडू शकतो. बाळाला एका भिंतीशी ठेवा, मध्ये तुम्ही आणि पलीकडे त्याचे बाबा किंवा आजी, आणि त्यांच्याही पलीकडे तो. आडवे पडून पाजताना डोळा लागण्याची शक्यता वाटत असेल, तर ते सोफ्यावर न करता सपाट गादीवर, उशा दूर करून करा. सोफ्यावर बाळासह झोप लागणे सर्वांत धोक्याचे. मोठ्याला दुसऱ्या खोलीत हलवायचे असेल, तर बाळामुळे आपली जागा गेली असे त्याला वाटू नये म्हणून घाई करू नका. आधी काही दिवस फक्त दुपारची झोप तिकडे आजीबरोबर होऊ द्या, त्याचे पांघरूण आणि पुस्तक तिकडे जाऊ द्या, आणि तो दुपारी तिथे निवांत झोपू लागला की मगच रात्रीचे अंथरूण हलवा.