रिझॉल्व्ह कॉन्फला कुलूप लावू नका

प्रश्न : लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, कोणता वापरायचा हे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये असतं. तिथे क्वाड-नाइन या सार्वजनिक डीएनएस सेवेचा ९.९.९.९ हा पत्ता लिहितो, पण मशीन रीस्टार्ट केलं की तो गायब आणि तिथे पुन्हा १२७.०.०.५३. मित्र म्हणतो, फाइल इम्युटेबल (बदलता न येणारी) कर, नाहीतर सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही उबुंटूची डीएनएस सांभाळणारी सेवा काढून तेच काम करणारा डीएनएसमास्क टाक. ऑफिसचं काम व्हीपीएनवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणीवरून, चालतं. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यातलं काहीच करू नका. फाइलला कुलूप लावलंत तर घरी सगळं सुरळीत चालेल; पण व्हीपीएन जोडल्यावर ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं सापडणार नाहीत. ती फक्त ऑफिसच्या डीएनएसला ठाऊक असतात, क्वाड-नाइनला कुठून असणार?

१२७.०.०.५३ हा तुमच्याच मशीनचा पत्ता आहे. तिथे रिझॉल्व्हड ऐकत असतो. उबुंटूत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) असते आणि मूळ फाइल दर बूटला नव्याने तयार होते, म्हणून तुमचं लिहिलेलं टिकत नाही.

व्हीपीएन वापरणाऱ्याने रिझॉल्व्हड ठेवावाच, हे माझं ठाम मत आहे. तो प्रत्येक जोडणीचा डीएनएस वेगळा सांभाळतो. व्हीपीएन चालू असताना टर्मिनलमध्ये ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ द्या. वायफायखाली एक सर्व्हर दिसेल, टनेलखाली, म्हणजे व्हीपीएनच्या जोडणीखाली, दुसरा. टनेलच्या ‘डीएनएस डोमेन’ ओळीत फक्त ऑफिसचं डोमेन असेल, तर साधारणपणे तेवढीच नावं ऑफिसला विचारली जातात, बाकीची तुमच्या वायफायच्या डीएनएसला. स्वतंत्र डीएनएसमास्कमध्ये ही वाटणी हाताने लिहावी लागते.

क्वाड-नाइन टाकायची जागा म्हणजे वायफायच्या सेटिंग्ज. आयपीव्हीफोर टॅबमध्ये डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून ९.९.९.९ लिहा. आयपीव्हीसिक्स टॅबमध्येही ‘ऑटोमॅटिक’ बंद करा; ९.९.९.९ मात्र तिथे लिहू नका, तो आयपीव्हीफोरचा पत्ता आहे. बहुतेक जण हे विसरतात, आणि राउटरने दिलेला डीएनएस त्या वाटेने यादीत राहतो. मग वायफाय तोडून पुन्हा जोडा.

डीएनएसला केलेली विचारणा एन्क्रिप्ट होऊन (इतरांना वाचता येणार नाही अशी) जावी असं वाटत असेल तर रिझॉल्व्हड डॉट कॉन्फ या रिझॉल्व्हडच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘डीएनएसओव्हरटीएलएस’ची किंमत ‘ऑपॉर्च्युनिस्टिक’ ठेवा आणि सेवा रीस्टार्ट करा. ‘येस’ केलंत तर या एन्क्रिप्टेड विचारणेसाठी लागणारा ८५३ पोर्ट बंद असलेल्या हॉटेलच्या वायफायवर काहीच उघडणार नाही. ‘ऑपॉर्च्युनिस्टिक’ अशा वेळी साध्या डीएनएसवर येतो. तेवढी गोपनीयता जाते, हे ध्यानात असू द्या.

एवढं करूनही ऑफिसचं पान फक्त फायरफॉक्समध्येच अडलं, तर त्याच्या ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ची (ब्राउझरने स्वतःच डीएनएसला विचारण्याची) सेटिंग बघा. ती ‘मॅक्स प्रोटेक्शन’वर असेल, तर फायरफॉक्स रिझॉल्व्हडला विचारतच नाही.