वाचकांचे प्रश्न : ताश्कंदच्या बाजारातले कासव

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षांपासून ताश्कंदमध्ये राहतो. गेल्या एप्रिलमध्ये मुलाच्या हट्टापायी बाजारातून एक कासव घेतले. त्याच्या पाठीची लांबी १४ सेंटीमीटर आहे. रंग पिवळसर मातकट असून पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर काळपट तपकिरी डाग आहे. पाठ वरून चपटी आणि जवळजवळ गोल आहे, पुढच्या पायांना चार-चार नखे आहेत. शेजारी त्याला 'तोशबका' म्हणतात. सध्या ते माशांसाठी आणलेल्या काचेच्या टाकीत, खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवले आहे. काकडी, टोमॅटो आणि दुधात कुस्करलेली पोळी त्याला देतो. रविवारी मुलगा त्याला बादलीत पोहायला सोडतो. ते दिवसभर काचेवर तोंड घासत राहते. आपल्याकडचे स्टार कासव ते हेच का? त्याला कसे ठेवावे? थंडीत ते झोपते, हे खरे का? आणि पुढच्या वर्षी पुण्याला परतताना त्याला बरोबर आणता येईल का?
— एक वाचक, ताश्कंद

उत्तर : आपण नखे मोजून कळवलीत, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. 'तोशबका' या नावावरून काही ठरत नाही, कारण उझबेक भाषेत कोणत्याही कासवाला तोशबकाच म्हणतात. तोश म्हणजे दगड, बका म्हणजे बेडूक. ताश्कंद या नावातला 'ताश' तो हाच दगड. नखे मात्र निर्णायक आहेत. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या भूकासवांना पुढच्या पायांना साधारणपणे पाच नखे असतात, तर मध्य आशियातल्या गवताळ आणि अर्धवाळवंटी प्रदेशातल्या टेस्टुडो हॉर्सफील्डी या कासवाला चारच असतात. चपटी, गोलसर पाठ आणि मातकट रंग त्याच्याशी जुळतो. शेपटीच्या टोकाला शिंगासारखे कठीण बोंड आहे का, तेही एकदा पाहावे. असल्यास शंकेला जागा उरत नाही. शेपटी लांब आणि एका बाजूला वळवून ठेवलेली असेल तर नर, आखूड असेल तर मादी. आपले स्टार कासव निराळे. त्याची पाठ घुमटासारखी उंच असते आणि प्रत्येक खवल्यावर मध्यापासून कडेकडे पिवळ्या रेषा किरणांसारख्या पसरलेल्या असतात.

जात कळली की घर कसे हवे ते आपोआप कळते. हे कासव मुळात बिळात राहणारे आहे. बर्फ वितळल्यावर, मार्चच्या सुमारास ते जमिनीवर येते, हिरवळ असेतो भराभर खाऊन घेते, जूनमध्ये गवत करपले की पुन्हा जमिनीखाली जाते आणि बहुतेक भागांत त्याचा उन्हाळा संपून हिवाळाही तिथेच सुरू होतो. वर्षातले जेमतेम तीन महिने उजेडात काढणाऱ्या या प्राण्याला गुळगुळीत तळाच्या टाकीत ठेवणे म्हणजे घुशीला फरशीवर बांधून ठेवण्यासारखे आहे. त्यातून काच ही अडचण आहे हे त्याला उमगत नाही. पलीकडचे दिसते म्हणून ते तिकडे चालत राहते, आणि आपण लिहिता ते तोंड घासणे त्यातूनच आले आहे. नाकाशी जखम झाली नसेल तर टाकी आजच रिकामी करावी. झाली असेल तर टाकी रिकामी करून डॉक्टरही गाठावा.

आपण अंगणाच्या घरात राहता की सदनिकेत, हे पत्रावरून कळत नाही. तिकडच्या जुन्या पद्धतीच्या घरांना मध्ये अंगण असते, त्याला होवली म्हणतात (आपल्या हवेलीचेच नातलग), आणि त्यावर बहुधा द्राक्षाचा मांडव असतो. तसे अंगण असेल तर आपले काम सोपे आहे. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद जागा विटांनी किंवा फळ्यांनी बंदिस्त करावी. भिंत फूटभर वर असावी आणि तितकीच जमिनीत गाडलेली असावी, कारण हे कासव खालून खणूनही निसटते आणि कोपऱ्यात पाय रोवून वरही चढते. म्हणून कोपऱ्यांवर आडवी फळी ठोकावी. जाळीचे कुंपण नको, त्यातून पलीकडचे दिसते आणि पुन्हा काचेचाच प्रकार होतो. आतली माती वाळूमिश्रित, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला झुडपाची सावली हवी. जुलैत पारा चाळिशीला टेकला की ते मातीत शिरून दिसेनासे होईल; तेव्हा त्याला उकरून काढू नये.

सदनिकेत राहत असाल तर सुताराकडून वरून उघडी लाकडी पेटी करून घ्यावी. निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद, आणि मोठी जमली तर उत्तमच. तिच्यात वीतभर खोल माती आणि वाळू भरावी, त्याला पूर्ण गाडून घेता आले पाहिजे. एका टोकाला उष्णता देणारा दिवा असा टांगावा की खालच्या दगडावर ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान राहील. दुसरे टोक २० ते २२ अंशांचे असू द्यावे, म्हणजे ते आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलील. याशिवाय यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची नळी (दिवा) लागते. त्या किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत बसत नाही आणि कवच मऊ पडून वाकते. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा याला उपयोग नाही, कारण काच ते किरण अडवते. नळी दिसायला पेटत राहिली तरी वर्षभरात तिचे किरण क्षीण होतात, म्हणून ती वेळच्या वेळी बदलावी.

पोळी आणि दूध आजपासून बंद करावे. कासवाला दूध पचत नाही. काकडी-टोमॅटोने पोट भरते, पोषण होत नाही. या कासवाला पाला हवा. घोळीची भाजी, डँडेलियन, तुतीची आणि द्राक्षवेलीची पाने त्याला चालतात, आणि ताश्कंदच्या रस्त्यांवर तुतीला तोटा नाही. फक्त फवारणी झालेली पाने टाळावीत. समुद्रफेसाचा (माकुळीच्या पांढऱ्या हाडाचा) एक तुकडा पेटीत ठेवून द्यावा, ते आपल्या मनाने कुरतडील आणि कॅल्शियम मिळेल. पोहणे मात्र पूर्ण थांबवावे. हे भूकासव आहे, खोल पाण्यात ते बुडून मरते. आपल्याकडे सापडलेले कासव विहिरीत सोडण्याची जी पद्धत आहे, तीत अशी किती भूकासवे गेली असतील कोण जाणे. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, हनुवटी वर राहील इतक्याच कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बसवावे. बाजारातले कासव बहुधा रानातून पकडलेले असते, त्यामुळे काखेत आणि मानेच्या वळ्यांत गोचीड आहे का ते पाहावे आणि जंतांसाठी विष्ठा तपासून घ्यावी. हाताळल्यावर मुलाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

थंडीत ते झोपते, हे खरे आहे. पण निरोगी असेल तरच झोपू द्यावे, आणि डॉक्टरने तपासले नसेल तर पहिल्या हिवाळ्यात दिव्याखाली जागे ठेवणे बरे. झोपवायचे ठरले तर आधी दोन-तीन आठवडे खाणे बंद करून रोज कोमट पाण्यात बसवावे, म्हणजे आतडे रिकामे होते. पोटात राहिलेले अन्न कुजून जीव घेते. नंतर मातीने भरलेल्या खोक्यात पाच अंशांच्या आसपास आठ ते दहा आठवडे ठेवावे. युरोपात अनेक जण यासाठी वेगळा फ्रीज वापरतात आणि रोज दार उघडून हवा बदलतात. बाल्कनीत ठेवू नये, तिथे एका रात्रीत पारा शून्याखाली जातो. दर आठवड्याला वजन करावे आणि सुरुवातीच्या वजनात दहा टक्के घट दिसताच त्याला उठवावे.

राहिला पुण्याचा प्रश्न. ते आणू नये. ही जात सायटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे उझबेकिस्तानातून बाहेर नेण्यासाठी तिथला निर्यात परवाना लागतो, आणि बाजारात रोखीने घेतलेल्या कासवाला तो मिळणे अवघड आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्त झालेला वन्यजीव संरक्षण कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे; त्यानुसार अशा परदेशी प्राण्याची आयात परवान्याने आणि पाळणे नोंदणीने बांधलेले आहे. या जातीची दोन कासवे एकदा मुंबईला येऊन गेली आहेत, पण ती चंद्राला वळसा घालून. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत झोंड-५ यानातून गेलेली ही जोडी हिंदी महासागरात उतरली, तिची कुपी जहाजाने मुंबईला आणली गेली आणि तिथून विमानाने मॉस्कोला गेली.

परतताना त्याला टेकडीवर नेऊन सोडूही नये. घरात लागलेला एखादा रोग ते रानातल्या कासवांना देईल. अंगण असलेले एखादे कुटुंब आतापासूनच शोधून ठेवावे आणि वजनाची वही, दिवा व पेटी यांसह कासव त्यांच्या हवाली करावे.