कोईची पहिली पिल्लं

परसातल्या हौदात कोई या शोभेच्या माशाची पिल्लं काढायचीत ना? मग मादी निदान 3 वर्षांची घ्या, सोबत 2 नर. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे, खरखरीत ठिपके दिसले की तो तयार आहे.

अंडी चिकटायला नायलॉन दोरीचे झुपके किंवा जलपर्णी सोडा. अंडी बहुधा पहाटे घालतात. ते आटोपलं की आधी मोठे मासे बाहेर काढा! स्वतःचीच अंडी खातात ते. माझी पहिली खेप अशीच गेली, अजून हळहळ वाटते.

25 अंशांच्या पाण्यात साधारण 3 दिवसांत पिल्लं निघतात. ती पोहू लागेपर्यंत काहीच घालू नका, पोटातल्या बलकावर जगतात. नंतर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, अगदी चिमूटभर. उरलेला बलक पाणी नासवतो. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच भरा.