विचारा ताईला : दारातलं पॅड, घटलेला पगार आणि झाडावरची काकी

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि गंमत म्हणजे एकही तोक्योहून नाही, सगळी आपल्यासारख्या गावाकडच्या जपानाबद्दलची, जिथं बस तासाला एक आणि ती पण वेळेवर येते म्हणून चुकते. मी स्वतः तोयामात अकरा वर्षं काढलीत, त्यामुळे उत्तरं इकडच्याच चष्म्यातून मिळतील.

ताई, आम्ही सप्टेंबरात नागाओकाला राहायला आलो. एक दिवस दाराच्या हँडलला पिशवीत अडकवलेलं पॅड दिसलं, परीक्षेला नेतो ना तसलं, आत सात-आठ कागद. जाहिरात असेल म्हणून मी चपलांच्या कपाटावर टाकून दिलं. आठ दिवसांनी शेजारच्या आजी आल्या, हसत होत्या पण काहीतरी मागत होत्या, शेवटी त्यांनीच ते पॅड बघितलं आणि घेऊन गेल्या. माझं काय चुकलं? आणि त्यांनी "चोनाइकाय" की काय म्हटलं, ते काय असतं? — नवी नवी गृहिणी, निइगाता

अगं, ते काइरानबान होतं! आणि तू एकटी नाहीस, मी तर माझं पहिलं काइरानबान ओल्या छत्रीखाली ठेवलं होतं. चोनाइकाय म्हणजे गल्लीचं मंडळ समज, वर्गणी, कामं, रुसवेफुगवे सगळं आलं. त्या मंडळाच्या दहा-पंधरा घरांमधून हे पॅड फिरतं. वर घरांची यादी असते, आपल्या नावापुढे शिक्का किंवा सही करायची, कागद बघायचे आणि पुढच्या घराच्या दारात ठेवायचं. एक-दोन दिवसांत पुढे जायला हवं, कारण तू आठ दिवस ठेवलंस म्हणजे तुझ्या पुढच्या सगळ्या घरांना बातमी आठ दिवस उशिरा गेली. आजी हसत का आल्या ते कळलं ना, इकडे राग आला की आधी हसू येतं.

आता त्यात असतं काय तर अमुक रविवारी सकाळी गटारं साफ करायची, सगळ्यांनी फावडं घेऊन या. तमुक दिवशी पाण्याच्या लाइनचं काम. शाळेची कवायत. गावात कोणी गेलं तर तेही. आणि तुमच्या निइगातात महत्त्वाचं म्हणजे हिवाळ्यात रस्त्याकडेच्या वाहत्या गटारात बर्फ कोणत्या भागानं किती वाजता टाकायचा त्याचं वेळापत्रक, कारण सगळ्यांनी एकदम टाकला की ते गटार तुंबतं आणि खालच्या अंगाच्या लोकांच्या अंगणात पाणी शिरतं. हे कुठल्याही ॲपवर येत नाही, आणि आलं तरी आपल्याला वाचता येत नाही. फोन धरून भाषांतर करायला गेलं तर छापील कागद बरा निघतो, पण काकांनी हातानं उभं लिहिलेलं असेल तर "गटाराचे प्राण रविवारी निघतील" असलं काहीतरी येतं. सरळ कागद घेऊन आजींकडे जा आणि बोट दाखवून "कोरे, नान देस का" विचार.

मेंबर व्हायलाच हवं का, तर कायद्यानं सक्ती नाही. वर्गणी गावागणिक वेगळी, साधारण महिन्याला काहीशे येन धर. पण कचरा टाकायची जागा बऱ्याच ठिकाणी चोनाइकायच सांभाळतं, जाळी तेच घेतात, झाडलोट तेच करतात, म्हणून मेंबर नसलं की तिथं कुरबुर होते. माझं मत विचारशील तर हो. फक्त एक लक्षात ठेव, दरवर्षी घरांपैकी एकाकडे हानचो म्हणजे गटप्रमुखपद जातं, वर्गणी गोळा करायची, पॅड सोडायचं वगैरे, आणि आपली पाळी आली की "मी परदेशी आहे हो" हे कारण एकदाच चालतं.

कचऱ्याचं पण सांगून टाकते कारण पुढचं पत्र तेच येणार. गावाच्या पिशव्या वेगळ्या, सुपरमार्केटात गावाचं नाव छापलेल्या मिळतात, दुसऱ्या गावच्या चालत नाहीत. सकाळी टाकायचा, बहुतेक ठिकाणी आठच्या आत, आदल्या रात्री अजिबात नाही. जाळीच्या आत सरकवायचा, नाहीतर कावळे रस्त्यावर मांडतात सगळं. चुकीचा टाकला तर पिशवीला स्टिकर लागतो आणि ती तिथंच राहते, आणि कोणाची आहे ते गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, कारण आलं-लसणाची सालं एवढी दुसरं कोण टाकतं!

ताई नमस्कार. मी २०२४ च्या एप्रिलमध्ये एका कारखान्यात इंजिनीअर म्हणून फुकुईला आलो. २०२५ च्या जूनपासून हातात येणारा पगार एकदम कमी झालाय, पगारवाढ तर सोडाच. कंपनीत विचारलं तर "जूमिनझेई, जूमिनझेई" म्हणतात. पहिल्या वर्षी तर नव्हतं हे. फसवतायत का? — गोंधळलेला

नाही रे बाबा, कंपनी निर्दोष आहे. जूमिनझेई म्हणजे तू राहतोस त्या गावाचा आणि प्रांताचा कर. तो चालू पगारावर नसतो, मागच्या कॅलेंडर वर्षाच्या कमाईवर असतो, आणि १ जानेवारीला तू ज्या गावचा रहिवासी असशील ते गाव तो लावतं. वजावटी सोडून जी कमाई उरते तिच्या साधारण १० टक्के. आल्या आल्या तुझी इथली मागची कमाई शून्य होती म्हणून पहिलं वर्ष फुकटात गेलं आणि तुला वाटलं हाच आपला पगार. जून २०२५ पासून तुझ्या २०२४ च्या नऊ महिन्यांच्या कमाईवरचा कर बारा हप्त्यांत कापतात, मे २०२६ पर्यंत.

आणि आता बसून वाच, जून २०२६ पासून तो अजून वाढतो कारण तेव्हा २०२५ चे पूर्ण बारा महिने धरले जातात. लोक दुसऱ्या वर्षी ओरडतात, मी म्हणते तिसऱ्या वर्षासाठी थोडं ओरडणं शिल्लक ठेवा.

नोकरी सोडून परत जाणार असशील तर हे अजून नीट समजून घे. ३१ डिसेंबरच्या आत जपान सोडलंस आणि पत्ता रद्द केलास तर त्या वर्षाच्या कमाईवर पुढच्या जूनमध्ये जूमिनझेई लागत नाही. जानेवारी उजाडला की लागलाच. आणि तू विमानात बसलास म्हणून आधीचा शिल्लक कर माफ होत नाही, एकरकमी भरून जायचं किंवा इथल्या एखाद्या माणसाला कर भरायचा प्रतिनिधी म्हणून शियाकुशोत, म्हणजे आपल्या नगरपालिकेत, नोंदवून जायचं. मागे एका ओळखीच्या मुलानं कराच्या नोटिशीचा लिफाफा जाहिरात समजून फेकला, नंतर परत यायचं ठरलं तेव्हा व्हिसाच्या वेळी कर भरल्याचा दाखला मागितला आणि सगळं बाहेर आलं.

पेन्शनचे कापलेले पैसे परत मिळतात का हेही तू खाली बारीक अक्षरात विचारलंयस. किमान सहा महिने भरलेले हवेत, जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. पण भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं जोडता येतात, आणि एकदा पैसे काढले की इथली वर्षं पुसली जातात. दोन-तीन वर्षांसाठी आला असशील तर काढ, लांबचा विचार असेल तर घाई नको.

ताई, मी अकितात वृद्धाश्रमात काइगोचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं, काम करते. इथं भोंग्यावरून सारखं काहीतरी सांगतात, मला फक्त "कुमा" एवढंच कळतं. शेजारचे म्हणतात काकी काढून टाका. रात्रपाळी करून पहाटे चालत येते, खूप भीती वाटते. — रूमवर एकटी

सगळ्यात आधी, शेजारचे तुझ्या काकीवर उठलेले नाहीत! काकी म्हणजे ते नारिंगी फळ, अंगणात लगडलेलं असतं आणि म्हाताऱ्या माणसांना वर चढून काढता येत नाही म्हणून तसंच राहतं. अस्वलाला ते डोंगरावरून वास घेत खाली आणतं. तुझ्या रूमच्या आवारात झाड असेल तर घरमालकाला सांगून फळं उतरवून घे.

भीती वाटणं बरोबरच आहे, उगाच धीर देणार नाही. २०२५ मध्ये देशभरात अस्वलाच्या हल्ल्यात दहाच्या वर माणसं गेली, अकितात तर नोव्हेंबरात पिंजरे वाहून न्यायला आणि लावायला मदत म्हणून लष्कराचे जवान आले. १ सप्टेंबर २०२५ पासून कायदा बदललाय, वस्तीत अस्वल शिरलं तर महापौर ठराविक अटींवर गोळी घालायला परवानगी देऊ शकतात. काही ठिकाणी दुकानांची आपोआप उघडणारी दारं हातानं उघडायची करून ठेवली होती, कारण अस्वल समोर आलं की दार आपलं आदरानं उघडतं.

भोंग्यावरचे शब्द पाठ कर. "कुमा" म्हणजे अस्वल, "शुत्सुबोत्सु" म्हणजे दिसलं किंवा आलं, आणि मधे जे येतं ते भागाचं नाव. आपल्या आणि आश्रमाच्या भागाचं नाव कानाला ओळखीचं करून घे, बाकी नाही कळलं तरी चालेल. पहाट आणि संध्याकाळ याच त्याच्या फिरायच्या वेळा आहेत, तेव्हा चालत येणं बंद. वरिष्ठांना स्पष्ट सांग की पाळी संपल्यावर गाडीनं सोडा किंवा उजाडेपर्यंत थांबू द्या, यात लाजायचं काय, जपानी बायकाही तेच मागतायत. पिशवीला घंटा बांध. कानात इअरफोन घालू नकोस. लांबून दिसलं तर पळायचं नाही, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं. अंगावरच आलं तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाकायचं. तुझ्यावर ही वेळ न येवो.

माझा मुलगा कानाझावाला असतो. २०२४ च्या १ जानेवारीला भूकंप झाला तेव्हा तीन तास फोन लागला नाही, मी देवापुढून उठले नाही. बातम्यांत ७.६ म्हणत होते, मुलगा म्हणतो आमच्याकडे पाचच होता. खरं काय? आणि परत असं झालं तर मी काय करू? — एक आई

काकू, तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये. ७.६ ही भूकंपाची एकूण ताकद, ती एकच असते. जपानी लोक शिंदो सांगतात, म्हणजे त्या त्या गावात जमीन किती हलली ते. ते शून्यापासून सातपर्यंत, त्यात पाच आणि सहाचे कमी-जास्त असे दोन दोन भाग. भूकंप झाला त्या नोतो द्वीपकल्पात शिका आणि वाजिमा या गावांत सात होता, तोयामात आमच्याकडे जास्तीचा पाच. पाच म्हणजे पण चेष्टा नाही हं, माझी भांड्यांची मांडणी आडवी झाली. दुपारी चार वाजून दहा मिनिटं झाली होती, नवीन वर्षाचा दिवस म्हणून सगळे घरी जेवून सुस्तावलेले, आणि टीव्हीवर एनएचके या सार्वजनिक वाहिनीची निवेदिका अक्षरशः ओरडत होती, पळा, आत्ता पळा, मागे फिरू नका. एरवी किती हळू बोलतात या बायका. ते ओरडणं मुद्दाम होतं, २०११ च्या त्सुनामीत शांत आवाजानं सांगून लोक हलले नाहीत हे बघून त्यांनी पद्धत बदलली.

दुसरी गोष्ट म्हणजे सोपी जपानी. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नाहीत, त्यानंतर "यासाशी निहोंगो" म्हणून साध्या शब्दांतली जपानी रुजवायला सुरुवात झाली. "ताकादाई नि हिनान" ऐवजी "ताकाई तोकोरो ए निगेते", उंच जागी पळा. मुलाला एवढे दोन शब्द यायलाच हवेत, त्सुनामी आणि निगेते.

फोनचं म्हणाल तर सगळे एकदम लावतात म्हणून तो लागत नाही. जपानात १७१ नंबरवर निरोप रेकॉर्ड करून ठेवता येतो, आणि त्याचंच इंटरनेटवरचं रूप परदेशातूनही उघडतं, तिथं मुलाचा नंबर टाकला की त्यानं लिहिलेला निरोप दिसतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ते सरावासाठी खुलं असतं. म्हणजे येत्या १ तारखेला दोघांनी एकदा करून बघा, त्याला म्हणावं "आई, जेवलो" एवढंच लिही.

थोडक्यात थोडक्यात

इबाराकीच्या दादा, भारतातलं लायसन्स इथल्या लायसन्समध्ये बदलून घ्यायचे नियम ऑक्टोबर २०२५ पासून कडक झालेत. आधी १० प्रश्नांत ७ बरोबर आले की पास, आता ५० प्रश्न आणि ४५ बरोबर हवेत, शिवाय इथल्या पत्त्याचा जूमिनह्यो म्हणजे रहिवासी दाखला लागतो. लायसन्स मिळाल्यावर तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा म्हणून जुना पासपोर्टही जपून ठेवा. इंटरनॅशनल परमिट इथं आल्यापासून एक वर्षच, आणि मधे पंधरा दिवस घरी जाऊन आलात म्हणून ते वर्ष नव्यानं सुरू होत नाही.

तोत्तोरीच्या वहिनी, २०२५ मध्ये पाच किलो तांदूळ ४००० येनच्या वर गेला हे मलाही बोचलं. शेतकऱ्याकडून सरळ बिनपॉलिशच्या तांदळाचं तीस किलोचं पोतं घ्या, अनेक गावांत नाण्यांवर चालणारी पॉलिशची गिरणी रस्त्याकडेला असते.

आणि कढीपत्त्याचं विचारणाऱ्या तिघीजणींना एकच उत्तर, ताजी पानं बॅगेत आणू नका, सरकारी तपासणीचा दाखला नसेल तर विमानतळावर काढून घेतात आणि मुद्दाम लपवली असतील तर प्रकरण वाढतं. इथंच कोणाकडून तरी रोप मिळवा. माझं कुंडीत आठ वर्षांचं आहे. आमच्याकडे हिवाळा लागताना समुद्रावर ढग गडगडतात, त्याला बुरी-ओकोशी म्हणतात, बुरी माशाला जागं करणारा गडगडाट, कोळी खूश होतात. मी तो ऐकला की कुंडी उचलून घरात आणते.