मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन दोन दिवस कैरोला जातोय. आम्ही मुंबईकर, उन्हाची सवय आहे. दुपारीही फिरलो तर सगळं बघून होईल का?

"उन्हाची सवय आहे" हे वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर कैरोवर लिहिणारे इथे ढिगाने आहेत. अगदी हेच वाक्य आमचे साडू सहार विमानतळावर बोलले होते.

आपल्याला सवय आहे ती घामाची. मे महिन्यात दादरचा पूल उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो, त्यामुळे कुणी न सांगता आपण पाणी पितो. कैरोतही पारा तेव्हा आपल्यासारखाच 32-33 दाखवतो आणि माणूस तिथेच फसतो. हवा कोरडी, दुपारची आर्द्रता बऱ्याचदा 20-30 टक्के. घाम येतो, पण दिसायच्या आत उडून जातो. अंग कोरडं, म्हणून बरं वाटतं, तहान कळत नाही, आणि आतलं पाणी नि मीठ चाललेलंच असतं. त्यात मेपर्यंत खमसीन हा वाळवंटाकडचा धुळीचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. तो सुटला की पारा 40 च्या वर.

आमच्या सहल कंपनीने (नाव घेत नाही) सकाळ पपायरसच्या आणि अत्तराच्या दुकानात घालवली आणि गिझाला, पिरॅमिडपाशी, सोडलं ऐन एक वाजता. मी म्हटलं, आत्ता बाहेरूनच बघू, उद्या पहाटे आपली गाडी करून येऊ. साडू म्हणाले, "पैसे भरलेत. आणि दगडी बांधकाम आहे, आत गारच असणार."

आत गार नसतं, हे एकदाचं लिहून ठेवतो. खुफू राजाचा पिरॅमिड मुळात 146 मीटर उंच होता, आता 138 च्या आसपास आहे. वर जाणारी वाट जेमतेम सव्वा मीटर उंच. कमरेत वाकून चढायचं आणि समोरून उतरणारे अंगावर येत असतात. मग साडेआठ मीटर उंचीची मोठी गॅलरी लागते, तिथे पाठ सरळ होते, आणि दगडाचे सांधे बघून तोंडात बोट जातं हेही खरं. पण शेवटची राजाची खोली म्हणजे लाल ग्रॅनाइटची बंद पेटी. तो दगड नाईलमधून पार आस्वानहून आणलाय, तुम्हाला मात्र त्यात दिसते रिकामी शवपेटी आणि मिळते सहा सतराची विरार लोकल. माणसांच्या श्वासाने हवा इतकी दमट होते की भिंतींवर मीठ साचतं. ते साफ करायला पिरॅमिड मध्यंतरी बंदही ठेवावा लागला होता.

बाहेर आलो तेव्हा साडूंच्या काळ्या टीशर्टवर, पाठीवर, मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. एकात एक, कडा वेड्यावाकड्या. "बघा, घामसुद्धा नाही," असं म्हणत खालच्या दगडावर टेकले ते उठेचनात. ओठ पांढरे, जीभ अडखळायला लागलेली. आत जाण्याआधी ज्या उंटवाल्याशी त्यांनी भावावरून हुज्जत घातली होती, त्यानेच बुटांच्या नाड्या सोडल्या, स्वतःच्या डोक्याचं फडकं ओलं करून त्यांच्या मानेवर टाकलं. बायकोच्या पर्समध्ये ओआरएसची पुडी होती. अर्ध्या तासाने माणूस माणसात आला, मी टॅक्सी करून सगळ्यांना हॉटेलवर आणलं आणि स्फिंक्स राहिला.

त्यानंतर घरातलं एक लग्न, एक बारसं असं गेलं नाही की "ह्यांच्यामुळे आमचा स्फिंक्स राहिला" हे ऐकलं नाही. साडू, वाचत असाल तर, स्फिंक्स साडेचार हजार वर्षं तिथेच आहे. तुमचं तसं नाही.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत पडून होते, बायका खान-अल-खलीलीच्या बाजारात. मी भर दुपारी सुलतान हसनच्या मशिदीत गेलो. 1356 साली सुरू झालेलं बांधकाम. काळोख्या, वळणाच्या बोळातून आत गेलं की एकदम उघडं अंगण आणि चार बाजूंना चार प्रचंड कमानी. एका कमानीच्या सावलीत तास-दीड तास बसलो. जाड भिंत पाठीला गार लागत होती. साडूंच्या तोंडी ह्याचं "आम्हाला टाकून मशिदीत झोपायला गेले" असं झालंय. झोपलो असेन थोडा. त्या देशात दुपारी तेच करतात.

तुमचं म्हणाल तर सकाळी गेट उघडताच गिझा, स्फिंक्स आधी, अकराच्या आत बाहेर. आई-वडिलांना पिरॅमिडच्या आत नेऊच नका. दुपार ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये: 2025 च्या नोव्हेंबरात ते पूर्ण उघडलं, 1922 मध्ये सापडलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू तिथे एकत्र आहेत, खुफूची लाकडी नावही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. तिथल्या मुहम्मद अलीच्या मशिदीत फ्रान्सने लक्सरच्या ओबेलिस्कच्या, म्हणजे उंच दगडी स्तंभाच्या, बदल्यात दिलेलं घड्याळ आहे, ते वर्षानुवर्षं बंदच होतं. सौदा कुणाला महाग पडला ते तुम्हीच ठरवा. मग खाली सुलतान हसन, आणि वेळ उरला तर बैत अल-सुहैमी हे 1648 चं घर. छतावरचा झरोका उत्तरेचा वारा पकडून खाली दिवाणखान्यात सोडतो.

"सगळं" दोन दिवसांत होत नाही, ते सोडा.

हे सगळं मेचं. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर दिवसभर खुशाल हिंडा, साडूंचं बरोबर. वडिलांना ब्लडप्रेशरची गोळी असेल तर मिठाच्या पाण्याचं डॉक्टरांना आधी विचारा. आणि खिशात सुटे इजिप्शियन पौंड ठेवा, चपला सांभाळणाऱ्यापासून सगळ्यांना बक्षिसी लागते. त्या उंटवाल्याने मात्र घेतली नव्हती.